लगेच शांत करणारी गोळी आणि सावकाश बरं करणारी गोळी

चिंतेच्या त्रासासाठी पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेलेल्या माणसाला पुष्कळदा दोन गोळ्या लिहून मिळतात. एक रात्री, किंवा फारच घाबरल्यासारखं झालं तर घ्यायची. दुसरी रोज, न चुकता. पहिली घेतली की अर्ध्या-पाऊण तासात छातीतली धडधड उतरते, आवळलेले खांदे सैल होतात आणि कित्येक दिवसांनी धड झोप लागते. दुसरी सुरू केली की पहिल्या आठवड्यात मळमळतं, डोकं दुखतं, आणि ज्या अस्वस्थपणासाठी ती दिली तोच उलट थोडा वाढल्यासारखा वाटतो. आता त्या माणसाने काय समजायचं? तो समजतो की पहिली गोळी हेच खरं औषध आणि दुसरी काही आपल्याला मानवत नाही. दहाव्या दिवशी दुसरी बंद होते. पहिली चालू राहते.

त्याचं वागणं अगदी समजण्यासारखं आहे आणि तरीही नेमकं उलटं आहे. बहुतेक वेळा पहिली गोळी काही आठवड्यांपुरतीच असते. खरा उपचार दुसरीच असते आणि तिला काम करायला वेळ लागतो. चिंतेवरच्या औषधांबद्दल जेवढी भीती आणि जेवढे गैरसमज आहेत, त्यातले बरेचसे या एका गोंधळातून निघतात असं मला वाटतं. ‘सगळ्या मेंदूच्या गोळ्या गुंगी आणतात’, ‘एकदा सुरू केल्या की सुटत नाहीत’, ‘मी घेऊन बघितल्या, काही उपयोग झाला नाही’ ही तिन्ही वाक्यं दोन वेगळ्या औषधांना एकाच पिशवीत घातल्यामुळे बोलली जातात. म्हणून या दोन गोळ्या वेगवेगळ्या करून समजून घेऊ.

आधी शरीरात काय चाललेलं असतं

ताण आणि चिंता हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो, पण औषधाच्या दृष्टीने त्यांच्यात फरक आहे. ताणाला सहसा बाहेरचं कारण असतं. परीक्षा, आजारपण, कर्ज, नोकरीतली अडचण. कारण सरलं की ताण ओसरतो. चिंतेचा विकार म्हणजे कारण संपलं, किंवा मुळात तेवढं मोठं नव्हतंच, तरी शरीर सावध पवित्र्यातून बाहेर यायला तयार नसतं.

तो सावध पवित्रा मात्र आपल्याच भल्यासाठी आहे. संकट दिसलं की प्राण्याचं शरीर झुंजायला किंवा पळायला सज्ज होतं, हे वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९१५ साली मांडलं. मेंदूच्या आत खोलवर बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग आहे, अमिग्डाला. धोक्याची घंटा वाजवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. घंटा वाजली की काही क्षणांत अ‍ॅड्रेनलिन रक्तात उतरतं, त्यामागून काही मिनिटांत कॉर्टिसॉल वाढतं. हृदय जोरात धावतं. रक्त त्वचेकडून आणि पोटाकडून मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून हातपाय गार पडतात आणि पोटात गोळा येतो. श्वास भरभर होतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो, म्हणून बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. पॅनिक अटॅक, म्हणजे भीतीची अशी अचानक उसळी, आलेल्या माणसाला ‘मला हार्ट अटॅक आलाय’ असं वाटतं ते उगाच नाही. त्याचं शरीर खरोखरच हे सगळं करत असतं. तो नाटक करत नसतो आणि मनाने कमकुवतही नसतो. (छातीत पहिल्यांदाच असं दुखलं असेल तर ते चिंतेमुळेच आहे असं स्वतः ठरवू नये. आधी तपासून घ्यावं.)

मग आजार कधी म्हणायचं? सर्वसाधारण चिंता विकाराची वैद्यकीय व्याख्या अशी की अनेक गोष्टींबद्दलची आवरता न येणारी काळजी किमान सहा महिने, बहुतेक दिवस असते आणि तिच्यासोबत थकवा, चिडचिड, स्नायूंचा ताठरपणा, झोपमोड अशी लक्षणं असतात. पॅनिक डिसऑर्डर आणि लोकांसमोर जाण्याची टोकाची भीती हे वेगळे प्रकार आहेत. डॉक्टर कधी कधी सात प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली देतात. ती २००६ साली प्रसिद्ध झाली आणि आज जगभर वापरली जाते. मागच्या दोन आठवड्यांत कोणता त्रास किती दिवस झाला त्यावर प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, म्हणजे जास्तीत जास्त २१. दहा किंवा त्याहून जास्त गुण आले तर नीट तपासणी करावी असं मानतात. ही प्रश्नावली निदान करत नाही, पण महिन्यानंतर पुन्हा भरली की औषधाने फरक पडतोय का हे आकड्यात दिसतं. ‘बरं वाटतंय का?’ या प्रश्नाचं उत्तर चिंताग्रस्त माणसाला धड देता येत नाही, तेव्हा हे आकडे फार उपयोगी पडतात.

आणखी एक गोष्ट औषधाच्या आधी व्हायला हवी. चिंतेसारखी दिसणारी दुसरी कारणं तपासायला हवीत. थायरॉइड जास्त काम करत असेल तर हात थरथरतात, घाम येतो, हृदय धडधडतं. रक्त कमी असेल तर थोड्याशा श्रमानेही छाती उडते. दम्याचे काही पंप, स्टेरॉइड, सर्दीच्या काही गोळ्या आणि भरपूर कॉफी यांनीही तेच होतं. रोज दारू पिणाऱ्या माणसाची सकाळची अस्वस्थता ही पुष्कळदा उतरत्या दारूची असते. हे न बघता थेट चिंतेची गोळी सुरू केली तर मूळ दुखणं तसंच राहतं.

पहिली गोळी: लगेच शांत करणारी

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम. या एकाच घराण्यातल्या गोळ्या आहेत, बेन्झोडायझेपाइन. नावाच्या शेवटी ‘झोलाम’ किंवा ‘झेपाम’ दिसलं की ओळखायचं.

या घराण्याचा जन्म थोडा योगायोगाचा आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शांत करण्यासाठी बार्बिट्युरेट वापरत. त्यांचा गुण येणारा डोस आणि जीव घेणारा डोस यांत अंतर थोडं होतं. १९५० च्या दशकात लिओ स्टर्नबाख हे रसायनशास्त्रज्ञ नव्या शामक औषधाच्या शोधात होते. प्रयोग फसले म्हणून त्यांचं काम दुसरीकडे वळवण्यात आलं. १९५७ साली प्रयोगशाळेची आवराआवर करताना न तपासलेलं एक जुनं संयुग हाती लागलं. ते टाकून देण्याऐवजी चाचणीला पाठवलं आणि ते प्राण्यांना गुंगवून न टाकता शांत करतं असं दिसलं. १९६० साली ते लिब्रियम या नावाने बाजारात आलं, पाठोपाठ १९६३ मध्ये डायझेपाम, म्हणजे व्हॅलियम. पुढची कित्येक वर्षं व्हॅलियम जगातल्या सर्वाधिक लिहून दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी एक होतं.

ही गोळी करते काय? मेंदूत पेशींना ‘चल, कामाला लाग’ सांगणारी रसायनं असतात तशी ‘पुरे, थांब’ सांगणारीही असतात. थांबवणाऱ्यांत मुख्य आहे गाबा. गाबा पेशीच्या दारावर येऊन बसलं की दार उघडतं, क्लोराइडचे कण आत शिरतात आणि पेशी शांत होते. बेन्झोडायझेपाइन स्वतः दार उघडत नाही. गाबा आलेलं असेल तर ते दार वारंवार उघडेल अशी व्यवस्था करते. बार्बिट्युरेट मोठ्या डोसमध्ये गाबा नसतानाही दार उघडू शकतात, म्हणून ते जास्त धोक्याचे. या एवढ्या फरकामुळे नवी औषधं एकटी घेतली तर तुलनेने सुरक्षित ठरली. ‘एकटी’ हा शब्द मुद्दाम वापरला. दारूही गाबाच्या त्याच यंत्रणेचा जोर वाढवते. मॉर्फीन, ट्रॅमाडॉलसारखी तीव्र वेदनाशामकं श्वासाची गती मंद करतात. यांच्यासोबत ही गोळी घेतली तर माणूस झोपेतच श्वास घ्यायचा थांबू शकतो. हे लिहिताना मी शब्द सौम्य करणार नाही, कारण माणसं खरोखर अशी गेली आहेत.

आता सवयीबद्दल. मेंदूचा स्वभाव तोल सांभाळण्याचा. रोज बाहेरून ब्रेक दाबला जातोय असं दिसलं की तो स्वतःचा ब्रेक सैल करतो. काही आठवड्यांत तीच गोळी कमी पुरते. आणि अचानक बंद केली तर बाहेरचा ब्रेक गेलेला आणि आतला सैल, अशी अवस्था होते. झोप उडते, घाम फुटतो, आवाज-उजेड सहन होत नाही, चिंता मूळच्यापेक्षा जास्त उसळते. फार दिवस मोठा डोस घेतलेल्या माणसाला फिटचे झटकेही येऊ शकतात. ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने १९८८ सालीच सांगितलं होतं की ही औषधं तीव्र त्रासासाठी, दोन ते चार आठवड्यांपुरतीच द्यावीत. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये या संपूर्ण घराण्यावरचा सर्वात कडक इशारा आणखी कडक केला आणि त्यात सवय, गैरवापर आणि बंद करतानाचा त्रास स्पष्ट लिहायला लावला.

एक बारकावा मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण तो कोणी सांगत नाही. अल्प्राझोलामसारखी गोळी शरीरातून लवकर उतरते. साधारण ११ तासांत तिचं रक्तातलं प्रमाण निम्मं होतं. त्यामुळे रोज घेणाऱ्या माणसाला दोन गोळ्यांच्या मधल्या वेळात, विशेषतः पहाटे, पुन्हा घाबरल्यासारखं होतं. तो म्हणतो, ‘बघा, माझा आजार किती वाढलाय, गोळीशिवाय मी काही तासही काढू शकत नाही.’ प्रत्यक्षात बऱ्याचदा ती गोळी उतरत असते. आजार आणि गोळीची ओहोटी यांतला फरक त्याला आतून कळूच शकत नाही. बाहेरून कोणीतरी घड्याळ बघून सांगावा लागतो.

तिचा आणखी एक परिणाम सावकाश होतो. लिफ्टला घाबरणारा माणूस गोळी घेऊन लिफ्टमध्ये गेला आणि सुखरूप बाहेर आला, तर त्याचं मन श्रेय गोळीला देतं. ‘लिफ्ट सुरक्षित आहे’ हे तो शिकत नाही, ‘गोळी खिशात असली पाहिजे’ हे शिकतो. पुढे नुसती खिशात गोळी नाही हे लक्षात आलं तरी घाम फुटतो.

हे सगळं वाचून ही गोळी वाईटच, असं मात्र समजू नका. जो माणूस पाच रात्री झोपला नाही, अन्न घशाखाली उतरत नाही, त्याला ‘सहा आठवडे थांबा, मग बरं वाटेल’ असं सांगणं क्रूरपणाचं आहे. दुसऱ्या औषधाचा गुण येईपर्यंतचे दिवस पार करायला ही गोळी फार मोलाची असते. म्हातारपणात मात्र आणखी जपावं लागतं. तोल जाऊन पडणं, हाड मोडणं, विसरभोळेपणा आणि गोंधळलेपण यांचा धोका त्या वयात वाढतो. आणि गोळी घेतल्यावर गाडी चालवू नये, मग डोळ्यांवर झोप नसली तरी.

दुसरी गोळी: सावकाश बरं करणारी

एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन यांना मिळून एसएसआरआय म्हणतात. व्हेन्लाफॅक्सिन आणि ड्युलोक्सेटिन ही जवळची भावंडं. चिंतेच्या बहुतेक विकारांत औषध द्यायचं ठरलं तर पहिली निवड यांच्यातूनच होते.

चिठ्ठीवरचं नाव शोधलं की ‘डिप्रेशनचं औषध’ असं दिसतं आणि माणूस गोंधळतो. ‘मला तर टेन्शन आहे, डिप्रेशनची गोळी कशाला?’ याचं उत्तर एका जुन्या निरीक्षणात आहे. १९६० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या एका मनोरुग्णालयात डोनाल्ड क्लाइन हे मानसोपचारतज्ज्ञ वारंवार पॅनिक अटॅक येणाऱ्या रुग्णांना इमिप्रामिन देऊन बघत होते. हे पहिल्या पिढीचं नैराश्यविरोधी औषध. काही आठवडे झाले तरी रुग्ण म्हणायचा, काही फरक नाही. फरक नर्सला दिसला. जो माणूस ‘मी मरतोय’ म्हणत दिवसातून तीन-चार वेळा धावत तिच्याकडे यायचा, तो आता येईनासा झाला होता. नैराश्य असो वा नसो, औषध पॅनिक थांबवत होतं. आजही एसएसआरआयचा गुण बऱ्याचदा असाच येतो. स्वतःच्या आधी घरच्यांना कळतं की हा माणूस परत नीट जेवायला लागलाय, दर दहा मिनिटांनी फोन करत नाही.

सेरोटोनिन हे चेतापेशींमधलं एक निरोप्या रसायन. निरोप दिल्यावर पेशी ते परत आत ओढून घेतात. एसएसआरआय ही परत ओढण्याची क्रिया अडवतात, म्हणून सेरोटोनिन दोन पेशींच्या मधल्या फटीत जास्त वेळ राहतं. हे अडवणं पहिल्या डोसपासून, काही तासांतच सुरू होतं. मग गुण यायला आठवडे का लागतात? कारण सेरोटोनिन वाढताच पेशींवरचे पहारेकरी सुरुवातीला सेरोटोनिन सोडणंच कमी करतात. काही आठवड्यांनी ते पहारेकरी मंदावतात, पेशींच्या पृष्ठभागावरचे ग्राहक, म्हणजे निरोप पकडणाऱ्या जागा, बदलतात, भीतीच्या वाटा हळूहळू नव्या रीतीने जुळतात. गुण या बदलांचा असतो. ‘तुमच्या मेंदूत सेरोटोनिन कमी पडलंय, ते भरून काढतोय’ असं सोपं चित्र डॉक्टर कधी कधी काढतात. ते आता शास्त्राला धरून नाही. औषध उपयोगी पडतं हे खरं, पण टाकीत पाणी भरण्यासारखं ते काम नाही.

पहिल्या दहा-पंधरा दिवसांत अस्वस्थता वाढणं हे याच सुरुवातीच्या उलथापालथीचं लक्षण. आधीच शरीरातल्या प्रत्येक हालचालीकडे कान लावून बसलेल्या माणसाला ते फार घाबरवतं. म्हणून जाणते डॉक्टर चिंतेच्या रुग्णाला नेहमीच्या निम्म्या डोसने सुरुवात करतात आणि आठवडाभराने वाढवतात. तुमच्या चिठ्ठीत एकदम पूर्ण डोस असेल आणि त्रास होत असेल तर गोळी बंद करण्याऐवजी फोन करून ‘डोस कमी करून सुरू करू का’ असं विचारा. या एका प्रश्नाने पुष्कळांचा उपचार वाचतो. मळमळ जेवणासोबत गोळी घेतल्याने कमी होते आणि सहसा दोन आठवड्यांत जाते. थोडा फरक दोन ते चार आठवड्यांत जाणवतो, नीट गुण यायला सहा ते आठ, कधी बारा आठवडेही लागतात.

काही दुष्परिणाम मात्र लवकर जात नाहीत. कामेच्छा कमी होणं, किंवा संबंधांत शेवटापर्यंत न पोहोचणं, हा या औषधांचा अगदी सर्रास आढळणारा त्रास. लाजेमुळे माणूस तो सांगत नाही आणि गुपचूप औषध सोडतो. डॉक्टरांना हे नवीन नसतं. डोस किंवा औषध बदलून मार्ग निघतो, तेव्हा स्पष्ट सांगावं. वयस्कर माणसात रक्तातलं सोडियम उतरू शकतं, म्हणून अचानक गोंधळल्यासारखं झालं तर रक्त तपासावं. आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिनसोबत पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. ट्रॅमाडॉल, मायग्रेनच्या काही गोळ्या किंवा लिनेझोलिड हे प्रतिजैविक यांच्यासोबत सेरोटोनिन घातक पातळीवर जाऊ शकतं. ताप, थरथर, स्नायू कडक होणं, बरळणं असं दिसलं तर लगेच रुग्णालय गाठावं. म्हणून कोणत्याही नव्या डॉक्टरांना, दाताच्या डॉक्टरांनासुद्धा, चालू गोळ्यांची नावं सांगायचीच.

मुलं आणि पंचविशीच्या आतले तरुण यांच्याबाबत वेगळं सांगावं लागेल. सुरुवातीच्या काळात आणि डोस बदलताना त्यांच्यापैकी काहींच्या मनात आत्महत्येचे विचार वाढतात. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००४ मध्ये औषधाच्या माहितीपत्रकात हा इशारा छापायला लावला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू झाला. याचा अर्थ त्यांना औषध देऊ नये असा नाही. पहिले काही आठवडे कोणीतरी जवळ हवं, आणि असा विचार आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा आपत्कालीन सेवेला कळवायला हवं. हा विचार औषधाचाही असू शकतो, तुमचा नव्हे, हे ऐकूनच कित्येकांचा जीव भांड्यात पडतो. ज्यांना पूर्वी कधी कारण नसताना अतिउत्साहाचे, झोप न लागताही ताजंतवानं वाटण्याचे दिवस आले असतील त्यांनी ते आधीच सांगावं, कारण द्विध्रुवी (बायपोलर) आजारात, म्हणजे मन कधी फार उंच तर कधी फार खाली जाण्याच्या आजारात, हे औषध एकटं दिलं तर उन्माद उसळू शकतो. गरोदर असाल किंवा व्हायचं ठरत असेल तर गोळी स्वतःहून थांबवू नका. काही औषधं बदलावी लागतात, काही चालू ठेवणंच आई आणि बाळाच्या हिताचं असतं, आणि तो हिशेब डॉक्टरांसोबत बसूनच करायचा.

बाकीची काही नावं

प्रोप्रानोलॉल जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात हृदयविकारासाठी घडवलं. अशा औषधशोधांसाठी त्यांना १९८८ चं नोबेल मिळालं. ते अ‍ॅड्रेनलिनला हृदयावर काम करू देत नाही, म्हणून भाषणाआधीची धडधड आणि हाताची थरथर थांबते. मनातल्या विचारांना ते फारसं शिवत नाही. दमा असेल तर ते घेऊ नये, श्वासनलिका आवळतात. बुस्पिरोन १९८६ पासून वापरात आहे. सवय लावत नाही, सावकाश चढतं, पॅनिकवर फारसं उपयोगी नाही. प्रेगाबालिनला युरोपात २००६ साली चिंतेसाठी मान्यता मिळाली. ते लवकर गुण देतं, पण त्याचीही सवय लागते. हायड्रॉक्सिझिन हे ॲलर्जीवरच्या औषधांच्या कुळातलं. झोप येते, तोंड कोरडं पडतं, सवय लागत नाही.

गोळी कोणासाठी नाही

निव्वळ ताणासाठी गोळी बहुतेक वेळा लागत नाही. ज्याला रोज चौदा तास राबवून घेतलं जातंय, त्याची झोप उडणं हा त्याच्या मेंदूचा दोष नाही. गोळीने त्याला ते सहन होईल, पण ते सहन व्हायला हवं का, हा प्रश्न आधी विचारायला हवा. सौम्य आणि मध्यम चिंतेत विचार आणि वागणूक बदलण्याचं शिस्तीचं समुपदेशन, ज्याला सीबीटी म्हणतात, औषधाइतकंच गुण देतं आणि थांबवल्यानंतरही त्याचा परिणाम टिकतो. त्रास जास्त असेल तर दोन्ही एकत्र. औषध घेतलं म्हणजे आपण हरलो असं वाटणारी माणसं मला भेटतात तेव्हा वाईट वाटतं. डोक्यात चिंतेचा इतका आवाज चालू असताना समुपदेशकाचं बोलणं कानावरच पडत नाही, आणि औषध तो आवाज ते बोलणं ऐकू येईल इतका खाली आणतं.

आणि एक विनंती. आपल्याला गुण आला म्हणून आपली गोळी दुसऱ्याला देऊ नका. प्रेमाने दिलेली ‘अर्धी गोळी’ दारू प्यायलेल्या, दमा असलेल्या किंवा म्हाताऱ्या माणसाच्या पोटात काय करेल ते देणाऱ्याला ठाऊक नसतं.

थांबवताना

‘सवय लागते का?’ हा प्रश्न सगळे विचारतात. त्यात खरं तर दोन प्रश्न आहेत. गोळीची ओढ लागून डोस वाढवत जावासा वाटतो का? एसएसआरआयबाबत उत्तर नाही. शरीर गोळीला सरावतं का? हो. म्हणून एकाएकी थांबवली की दोन-चार दिवसांत चक्कर, विचित्र स्वप्नं, रडू येणं, आणि डोक्यात क्षणभर विजेचा झटका बसल्यासारखं होणं, असा त्रास होऊ शकतो. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन लवकर उतरतात, त्यांचा त्रास जास्त. फ्लुओक्सेटिन आठवडेच्या आठवडे शरीरात रेंगाळतं, त्याचा कमी.

पूर्ण बरं वाटायला लागल्यावर सहसा सहा महिने ते वर्षभर औषध चालू ठेवतात, कारण बरं वाटलं म्हणून लगेच थांबवलं तर आजार उलटण्याची शक्यता जास्त असते. मग उतरण, म्हणजे डोस हळूहळू कमी करत औषध थांबवणं. इथे एक गणित आहे जे रुग्णाला तर सोडाच, लिहून देणाऱ्यालाही कधी कधी लक्षात राहत नाही. डोस आणि परिणाम सरळ रेषेत चालत नाहीत. नेहमीचा कमीत कमी डोससुद्धा मेंदूतली सेरोटोनिन परत ओढणारी सुमारे ८० टक्के केंद्रं अडवतो. तो निम्मा केला तर अडवणूक निम्मी होत नाही, थोडीच उतरते. पण शेवटच्या छोट्या तुकड्यावरून शून्यावर येताना ती एकदम कोसळते. म्हणून २० वरून १० मिलिग्रॅमवर सहज आलेला माणूस ५ वरून शून्यावर येताना कोलमडतो आणि त्याला वाटतं, आजार परत आला. पायऱ्या उतरता उतरता लहान करत न्याव्या लागतात. काही औषधांचं द्रवरूप मिळतं, त्यात अगदी थोडा डोसही मोजता येतो. बेन्झोडायझेपाइन बरेच दिवस घेतली असेल तर ही उतरण कित्येक महिन्यांचीही असू शकते, आणि ती नेहमी डॉक्टरांच्या नजरेखालीच.

आजार परतलाय की औषध उतरतंय, हे ओळखायला तारीख कामाला येते. डोस कमी केल्यावर काही दिवसांतच त्रास सुरू झाला, त्यात पूर्वी कधी नसलेली चक्कर किंवा डोक्यातले विजेसारखे झटके आहेत, आणि आधीच्या डोसवर परत गेल्यावर एक-दोन दिवसांत तो शमला, तर तो औषध उतरण्याचा त्रास आहे. पुढची पायरी लहान घ्यायची आणि जास्त दिवस थांबायचं. कित्येक आठवडे किंवा महिने ठीक गेल्यावर जुनी काळजी, जुनी झोपमोड हळूहळू परत येऊ लागली, तर तो आजार असण्याची शक्यता जास्त. म्हणून पहिल्या गोळीपासूनच एक वही ठेवा. कोणत्या तारखेला कोणती गोळी किती सुरू झाली, कधी वाढवली, कधी कमी केली, आणि त्या त्या आठवड्यात झोप, भूक, धडधड कशी होती, एवढ्याच दोन ओळी. पुढच्या भेटीला ती वही डॉक्टरांच्या समोर उघडून ठेवा.